‘जाऊ दे’ म्हणजे क्षमा नव्हे : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना

गावाकडे भांडण मिटवायची एक ठरलेली रीत असते. चार माणसं ओट्यावर बसतात, चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग कोणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, ‘जाऊ दे आता.’ हे वाक्य कोणाला उद्देशून म्हटलं जातं ते नीट पाहिलं पाहिजे. ज्याने बांध कोरला त्याला कोणी ‘जाऊ दे’ म्हणत नाही. ज्याचा बांध कोरला गेला त्याला म्हणतात. नुकसान झालेल्या माणसानेच मोठं मन दाखवायचं, म्हणजे बाकीच्यांना निवांत घरी जाता येतं.

मी नामपूरचा. बागलाणातलं मोसम नदीच्या काठचं, कांद्याच्या बाजाराचं गाव. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमधली. ‘जाऊ दे’ ऐकत वाढलेल्या माणसाला ख्रिस्ती धर्मातली वाइटाची फेड चांगल्याने करायची शिकवण पहिल्यांदा कळते, तेव्हा ती आपल्या ओट्यावरचीच वाटते. फरक एवढाच, की तिला देवळाऐवजी चर्चचा पाठिंबा आहे. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे बराच काळ मला त्यापुढे जायची गरजही वाटली नव्हती. ती वाटली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सलग वाचल्यावर. हे पुस्तक बहुतेकांना पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या उताऱ्यातून भेटतं. विसराळू, लहरी, कवी नवरा आणि त्याला सांभाळून घेणारी खमकी बायको असा तो मामला असतो. समीक्षकांनी या पुस्तकाला मराठीतलं श्रेष्ठ आत्मचरित्र म्हटलं, विनोदाचं कौतुक केलं, भाषेच्या साधेपणाचं केलं. ते सगळं खरंच आहे. पण ख्रिस्ती मंडळीने अन्यायाला कसं सामोरं जावं, या प्रश्नावरचं पुस्तक म्हणून ते क्वचितच वाचलं जातं. माझ्या मते या प्रश्नाचं मराठीतलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर याच पुस्तकात आहे, आणि ते ‘जाऊ दे’च्या नेमकं उलट आहे.

* * *

आधी मूळ शिकवणीत काय आहे ते पाहू. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात सूड न घेण्याचा, भुकेल्या शत्रूला जेवू घालण्याचा आणि वाइटावर चांगल्याने मात करण्याचा उपदेश आहे. शत्रूला जेवू घातल्याने त्याच्या डोक्यावर निखारे रचले जातील, ही प्रतिमा पौलाने नीतिसूत्रांच्या पुस्तकातून उचलली आहे. ती मला नेहमी अस्वस्थ करते. चांगुलपणा हा नुसता मऊ, गोड पदार्थ नाही. तो समोरच्याला चटका देतो, असं ती सुचवते. शिवाय ‘मात करा’ हा शब्दप्रयोग लढाईतला आहे. ज्याच्यावर मात करायची, ते आधी समोर उभं करावं लागतं. झाकून ठेवलेल्या गोष्टीवर मात कशी करणार?

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तर चक्क कार्यपद्धती दिली आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला त्याचा अपराध सांगायचा. ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार न्यायचे. तरीही नाही ऐकलं तर मंडळीपुढे मांडायचं. म्हणजे पहिली पायरीच तोंड उघडण्याची आहे, आणि ते उघडायचं ज्याच्यावर अन्याय झाला त्याने. आपण, आणि बहुधा बरेच धर्मोपदेशकही, ही पायरी गाळून थेट शेवटावर उडी मारतो. सांगण्याआधीच क्षमा मागितली जाते, आणि तीही अन्याय करणाऱ्याने नव्हे, मध्यस्थाने.

‘स्मृतिचित्रे’ ही गाळलेली पायरी भरून काढतं.

* * *

पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक जबर अन्याय आहे. सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्याचा धसका त्यांच्या वडिलांनी असा घेतला की त्यांचं पुढचं सगळं आयुष्य सोवळ्याने ग्रासलं. बाहेरून घरात येणारी वस्तू धुऊन घ्यायची, सावली चुकवायची, पुन्हा धुवायची. नाशिकजवळच्या जलालपुरात, गोदावरीकाठी, एक माणूस जगाच्या वाइटाला पाण्याने उत्तर देत होता. लक्ष्मीबाई हे सांगतात तेव्हा हसू आवरत नाही. हसता हसता लक्षात येतं की या धुण्याचा भार उचलत होत्या घरातल्या बायका. फाशी दिली इंग्रजांनी आणि शिक्षा भोगली घरातल्यांनी.

वाइटाला उत्तर द्यायचा हा पुस्तकातला पहिला प्रकार : दार लावून घ्यायचं, आपण शुद्ध राहायचं, बाहेरचं सगळं विटाळलेलं समजायचं. दुखावलेले समाज हेच करतात. ख्रिस्ती मंडळीही करते, हिंदू जातीही करतात, मुसलमान मोहल्लेही करतात. वडिलांचं हे चित्र लक्ष्मीबाईंनी पहिल्यांदा का रंगवलं, याचं उत्तर पुढचे भाग वाचल्यावर मिळतं. त्यांचा स्वतःचा पुढचा सगळा प्रवास या लावलेल्या दारापासून दूर जाण्याचा आहे.

दुसरा अन्याय जवळचा आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले आणि तिथून त्यांना हलता येईना. शत्रूवर प्रेम करा, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, असं सांगणारं तेच प्रवचन. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा एकट्याचा होता. बायको सोबत नव्हती. पदरात लहान मुलगा होता. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, अशा अवस्थेत लक्ष्मीबाईंनी पुढची पाच वर्षं काढली, त्यातली बरीच नातेवाइकांच्या आधाराने.

इथला विरोधाभास मला पुस्तकाचा गाभा वाटतो. प्रेमाच्या शिकवणीने भारावलेल्या माणसाच्या हातून, त्याच शिकवणीच्या ओढीने, सगळ्यात जवळच्या माणसावर आघात झाला. टिळक दुष्ट नव्हते. त्या काळात त्यांना दुसरा मार्गही उपलब्ध होता. धर्मांतर केलेल्याचा जोडीदार धर्मांतरामुळे त्याला सोडून राहिला तर विवाह मोडून घ्यायची सोय १८६६च्या कायद्याने केलेली होती. टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही; ते वाट पाहत राहिले. पण वाट पाहणारा चांगला होता म्हणून जिच्या वाट्याला ती पाच वर्षं आली तिचं दुःख कमी भरत नाही. वाईट हे नेहमी वाईट माणसाकडूनच येतं, हा समज लक्ष्मीबाई मोडून काढतात. चर्चच्या व्यासपीठावरून ‘वाईट’ हा शब्द उच्चारला जातो तेव्हा तो बहुतेक वेळा बाहेरच्यांसाठी असतो. इथे तो घरातला, श्रद्धावान, प्रेमळ माणूस आहे.

या सगळ्याचं त्या काय करतात? त्या लिहितात. आणि लिहिताना नवऱ्याचा उल्लेख ‘टिळक’ असा करतात. ‘हे’ नाही, ‘इकडून’ नाही. १९३४पासून चार भागांत आलेल्या या पुस्तकात एका ब्राह्मण घरातून आलेल्या बाईने नवऱ्याला असं आडनावाने हाक मारत, एक हात अंतरावर ठेवून पाहिलं आहे. त्या अंतरामुळे त्यांना टिळकांचा राग दिसतो, लहर दिसते, अचानक उठून निघून जाणं दिसतं, आणि त्यांचं मोठेपणही दिसतं. दोन्हींपैकी काही गाळलेलं नाही.

माझ्या धंद्यात एक पद्धत आहे. सर्व्हर कोसळला, लोकांचे पैसे अडकले, की नंतर सगळे बसून ‘पोस्टमॉर्टेम’ लिहितात. किती वाजता काय बिघडलं, कोणाला कधी कळलं, किती वेळ गेला. नियम असा, की कोणालाही झोडपायचं नाही, पण एकही गोष्ट लपवायची नाही. हा नियम ऐकायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही एकदम जमणं फार अवघड असतं. झोडपायचं नाही म्हटलं की माणसं गुळमुळीत लिहितात, आणि लपवायचं नाही म्हटलं की हिशेब चुकते करतात. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला सतत हे आठवत होतं. पण लक्ष्मीबाई आमच्यापेक्षा एक पाऊल पुढे आहेत. आम्ही माणसाचं नाव गाळून ‘प्रक्रियेत त्रुटी होती’ असं लिहितो. त्या नाव घेतात. परिस्थितीमागे कोणालाही लपू देत नाहीत, स्वतःला तर नाहीच. आणि तरीही वाचून झाल्यावर टिळकांचा तिरस्कार वाटत नाही.

हे त्यांच्या विनोदामुळे घडतं. या विनोदाला आजवर स्वभावाचा गोडवा म्हटलं गेलं. मला तो अधिक कठोर वाटतो. ज्या गोष्टीवर हसायचं ती आधी पूर्ण दिसावी लागते. झाकलेल्या गोष्टीवर विनोद होत नाही. रडून सांगितलं असतं तर वाचकाने लगेच बाजू घेतली असती, टिळकांना शिव्या घातल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. हसत सांगितल्यामुळे वाचकाला सगळं पाहावं लागतं, आणि शिक्षा सुनावायची सोय राहत नाही. सूड नाही आणि पांघरूणही नाही, अशी ही जागा आहे. पौलाच्या पत्रातले ते निखारे असेच असावेत, असं मला वाटतं.

* * *

सांगणं ही पहिली पायरी. पण नुसतं सांगून वाइटावर मात होत नाही. दुसरी गोष्ट लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात घडते ती दार उघडण्याची, आणि ती एका दिवसात होत नाही.

नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही सुरुवातीला त्यांनी आपली चूल आणि सोवळं वेगळं ठेवलं. टिळकांनी ते चालवून घेतलं. मग एका टप्प्यावर त्यांनी स्वतःशीच प्रश्न सोडवला, की जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळालं आणि त्यांनी कोणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. क्रम लक्षात घ्यावा. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. जात त्याआधी सुटली. माणसांबद्दलचा चांगुलपणा हे धर्मांतराचं बक्षीस म्हणून आलेलं नाही. वडिलांनी आयुष्यभर जे धुतलं, ते मुलीने विचार करून ओलांडलं. ‘मला ख्रिस्ताने बदललं’ अशी सरळ साक्ष देणं त्यांना सोपं होतं, वाचकवर्गातल्या ख्रिस्ती मंडळींना ते आवडलंही असतं. त्यांनी घडलं तसं लिहिलं.

पुढे टिळकांचं घर म्हणजे धर्मशाळाच झाली. शतक बदलतानाच्या त्या भीषण दुष्काळात पोरकी झालेली मुलं टिळक घरी आणत, आणि त्यांना खायला काय घालायचं हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे येई. खानदेशातला तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, अहमदनगरला टिळकांकडे आला आणि घरचाच झाला. ज्या समाजाने या कुटुंबाला वाळीत टाकलं त्याच समाजातला एक मुलगा त्यांच्या घरात रुसत, फुगत, कविता करत राहिला. याला ‘शत्रूवर प्रेम’ असं मोठं नाव द्यायची लक्ष्मीबाईंना गरज वाटली नाही. पण ज्यांनी दार लावलं त्यांच्यासाठी आपलं दार उघडं ठेवणं याहून वेगळं काय असतं?

नाशिकमध्ये राहणाऱ्यांना शरणपूर रोड माहीत असतो, खरेदीसाठी. शरणपूर या नावाचा अर्थ मात्र फार कोणी विचारत नाही. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली ही ख्रिस्ती वसाहत वसवली. तिथे नवख्रिस्ती कुटुंबांबरोबर आफ्रिकी मुलंही राहत. अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली ही मुलं नाशिकला शिकली, हातचं काम शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. लिव्हिंगस्टन वारल्यावर अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनाच्या वेळीही तो होता. गुलामगिरीसारख्या वाइटाला एका चर्चने दिलेलं हे उत्तर भाषणाचं नव्हतं. राहायला जागा, अन्न, शाळा असं ते उत्तर होतं. त्यात मिशनचे स्वतःचे हेतू होते. शिकलेल्यांपैकी अनेकांना पुढे मोम्बासाजवळच्या नव्या वसाहतीच्या कामासाठी आफ्रिकेत पाठवलं गेलं. तरीही ज्यांना विकलं जात होतं त्यांच्या हातात पाटी आली, हे खोटं ठरत नाही. लक्ष्मीबाईंचं घर आणि शरणपूर यांत एक साम्य आहे : दोन्हीकडे चांगुलपणा म्हणजे कोणाची तरी रोजची सोय लावणं. आणि दोन्हीकडे ती सोय कोणाच्या कष्टाने झाली हेही विचारावं लागतं.

* * *

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. नवऱ्याने टाकलेली बाई पाच वर्षांनी त्याच्याच घरी जाते, त्याचाच धर्म स्वीकारते, त्याने आणलेली माणसं जेवू घालते. याला ‘वाइटावर चांगल्याने मात’ म्हणायचं, की बायकांना शतकानुशतकं शिकवलेली सोशिकता? आक्षेप घेणाऱ्याला मी पुस्तकातून सहज हरवू शकत नाही. लक्ष्मीबाईंपुढे पर्याय किती होते? फारच थोडे.

पण दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो मला पुस्तकाआधी घरात दिसला होता. आमच्याकडे, बागलाणातल्या अनेक घरांसारखंच, आत्याने लग्नानंतर काही वर्षांनी वडिलोपार्जित जमिनीवरचं हक्कसोडपत्र करून दिलं. मुलींनी सही करायची, भावांनी साडी-चोळी करायची, असा रिवाजच आहे. २००५च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतका वाटा दिला, त्यानंतरही तो रिवाज चालूच आहे. आत्या दर दिवाळीला भाऊबीजेला येते. तिच्या येण्याकडे बोट दाखवून घरात सांगितलं जातं, बघा, तिच्या मनात काही नाही. दोन वर्षांपूर्वी आत्या आईशी बोलताना मी ऐकलं. सही कोणत्या दिवशी झाली, तलाठी कार्यालयात कोण कोण होतं, तिला काय सांगितलं होतं आणि नंतर काय निघालं, हे सगळं ती शांतपणे, तारीखवार सांगत होती. मध्येच कोणाची तरी नक्कल करून हसली. त्या वर्षीही तिने वडिलांना ओवाळलं.

तिच्या मनात काही नव्हतं, हे साफ खोटं होतं. तिच्या मनात सगळं होतं, आणि तरी ती येत होती. पहिल्या वाक्यात ती भोळी ठरते आणि आमची सुटका होते. दुसऱ्यात ती आम्हाला जे देते ते आम्ही कमावलेलं नाही, हे कळतं. सोशिकतेत अन्याय विसरल्याचं नाटक करावं लागतं. लक्ष्मीबाईंनी ते नाटक केलं नाही. त्यांच्या चांगुलपणाला त्यामुळेच किंमत आहे, आणि म्हणूनच तो आपल्यावर ऋण ठेवतो.

* * *

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर बागलाणच्या पश्चिमेला पाहावं. साल्हेरच्या डोंगरापलीकडे गुजरातचा डांग जिल्हा सुरू होतो. १९९८च्या नाताळात तिथल्या आदिवासी ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनाघरांवर हल्ले झाले, काही जाळली गेली. तेव्हा मी पाळण्यात होतो. जानेवारीत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी डांगला गेले, आणि त्यांनी धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असं म्हटलं. जळालं ज्यांचं, प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारला गेला. आमच्या ओट्यावरची रीत देशाच्या पातळीवरही तशीच चालते.

त्याच महिन्यात, २२-२३ जानेवारी १९९९च्या रात्री, ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे, फिलिप आणि टिमोथी, यांना गाडीत जिवंत जाळण्यात आलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं, आणि तेव्हापासून ‘ख्रिस्ती क्षमा’ म्हटलं की हे उदाहरण निघतं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती. क्षमा ही एक बाब आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम ही दुसरी. त्यांची गल्लत करू नये. खटला चालला. मुख्य आरोपीला कनिष्ठ न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दरम्यान ग्लॅडिस बारीपद्यातलं कुष्ठरोग्यांचं काम सांभाळत २००४पर्यंत तिथेच राहिल्या. क्षमा, खटला आणि काम ही तिन्ही एकाच वेळी चालू होती. आपल्याला त्यातली क्षमा तेवढी लक्षात राहते, कारण तिच्यासाठी आपल्याला काही करावं लागत नाही.

मराठीत याचं सामुदायिक उदाहरण वसईचं आहे. टँकरने उपसलं जाणारं पाणी, बळकावल्या जाणाऱ्या जमिनी आणि त्यामागची दहशत यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसई संरक्षण समितीतून उभे राहिले, तेव्हा चर्चने लोकांना ‘सोसा’ असं सांगितलं नाही. नाव घेऊन, रस्त्यावर उतरून, पण हात न उचलता ते लढले. पुढे २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटोंची निवड झाली तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला. पाठदुखीने बेजार असूनही ते संमेलनाला आले आणि मराठी भाषेबद्दल, देशातल्या वाढत्या असहिष्णुतेबद्दल बोलले. विरोध करणाऱ्यांच्याच भाषेची बाजू त्यांनी मांडली, आणि जे चुकीचं चाललंय ते चुकीचं आहे हेही सांगितलं.

* * *

‘स्मृतिचित्रे’ची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे, कारण ती याच विषयाशी जोडलेली आहे. अहमदनगर-राहुरीच्या ज्या मंडळीत टिळक दांपत्य राहिलं तिथले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले होते. पुस्तकात ते दिसतात, प्रेमाने दिसतात, पण दिसतात ते लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांनी. सोवळं सोडणाऱ्या ब्राह्मण बाईचा प्रवास आपल्याला तपशीलवार कळतो. ज्यांच्यापासून ते सोवळं पाळलं जात होतं, त्यांनी तिला आपल्यात घेताना मनात काय गिळलं असेल, ते कळत नाही. वाइटाची फेड चांगल्याने त्यांनीही केलीच की. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी विहिरीवर येऊ दिलं नाही त्या जातीतलं जोडपं त्यांनी आपलं मानलं, त्यांची पदं गायली. ‘मराठी ख्रिस्ती साहित्य’ म्हटलं की मात्र टिळक दांपत्य आणि पंडिता रमाबाई हीच नावं पहिल्यांदा निघतात. १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना सरकारच्या लेखी जात उरत नाही. समाजाच्या लेखी ती उरतेच, चर्चच्या बाकांवरही. मंडळीला वाइटाशी लढायचं असेल तर हे वाईट बाहेरून आलेलं नाही, हे आधी मान्य करावं लागेल. मत्तयातली पद्धत मुळात भावाच्या अपराधासाठी सांगितलेली आहे, शत्रूच्या नव्हे.

टिळकांना स्वतःला हे काही अंशी जाणवलं असावं. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत होते. पण दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते वारले.

आज मराठी चर्चमध्ये रविवारी टिळकांची पदं म्हटली जातात. ती गोड आहेत, तुकोबांच्या वळणाची आहेत, गायला सोपी आहेत. त्यांच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’ची चार पानंही मोठ्याने वाचली जावीत, असं मला बाहेरचा माणूस म्हणून वाटतं. पदांत भक्ती आहे. आत्मचरित्रात त्या भक्तीची घरात पडलेली किंमत आहे. एक गाऊन दुसरं न वाचणाऱ्या मंडळीत कोणी दुखावलेला माणूस उभा राहिला, तर त्याला ‘प्रार्थना कर, जाऊ दे’ एवढंच ऐकायला मिळेल. दोन्ही ऐकलेल्या मंडळीत निदान त्याला ‘बस, काय झालं ते सांग’ असं म्हणणारं कोणी असू शकेल.

टिळक गेले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचं त्यांचं महाकाव्य, ‘ख्रिस्तायन’, अर्धवट राहिलं होतं. त्यांचे सुरुवातीचे काही अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहून लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं. लग्न झालं तेव्हा ज्यांना वाचताही येत नव्हतं, त्यांनी. टिळकांनी मागे ठेवलेलं पुस्तक त्यांनी पुरं केलं, आणि टिळकांनी काय काय केलं ते सांगणारं दुसरं पुस्तकही लिहिलं. एकासाठी दुसरं मागे ठेवावं असं त्यांना वाटलं नाही.